‘दिसते’, ‘निघाले’ आणि ‘म्हणे’ : ऑनलाइन बाजारातील माहितीची विषमता

विकणाऱ्यास आपल्या मालाचे गुणदोष ठाऊक असावेत आणि घेणाऱ्यास ते ठाऊक नसावेत, ही स्थिती बाजाराइतकीच जुनी आहे. तिचा शास्त्रशुद्ध विचार मात्र फार उशिरा झाला. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन तिची मीमांसा केली. ग्राहकास चांगली मोटार कोणती व वाईट कोणती हे ओळखता येत नसेल, तर तो दोहोंची सरासरी धरून किंमत देऊ करतो. ही सरासरी किंमत चांगल्या मोटारीच्या मालकास परवडत नाही; तो बाजारातून अंग काढून घेतो. त्यामुळे उरलेल्या मालाची प्रत आणखी खालावते, ग्राहक आणखी कमी किंमत देऊ लागतो, आणि क्रमाक्रमाने चांगला माल बाजारातून नाहीसा होतो. कोणी कोणास उघड फसविले नसतानाही हे घडू शकते, हा या विवेचनातील मर्माचा भाग होय. २००१ साली अ‍ॅकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच विषयावरील कार्याबद्दल.

अमेरिकन बोलीत फसव्या मोटारीस लिंबू म्हणतात, आणि अ‍ॅकरलॉफ यांच्या निबंधाच्या शीर्षकातही तो शब्द आहे. मराठीत अशा वस्तूस स्वतंत्र नाम रूढ नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मराठी माणूस वस्तूला नाव न देता विक्रेत्याच्या कृतीला नाव देतो: माल ‘माथी मारला’, ‘गळ्यात बांधला’, ‘खपविला’ असे म्हणतो. आणि वस्तूबद्दल बोलावयाचे झाले तर तो नामाऐवजी क्रियापद वापरतो. खरबूज फिके निघाले. बैल मारका निघाला. साडीचा रंग कच्चा निघाला. या ‘निघणे’चा ‘बाहेर पडणे’ या मूळ अर्थाशी संबंध आहेच. जे आत दडलेले होते ते व्यवहार पुरा झाल्यावर बाहेर आले. ‘खरबूज फिके आहे’ आणि ‘खरबूज फिके निघाले’ या दोन वाक्यांत फळाविषयी सांगितलेली गोष्ट एकच आहे. दुसऱ्या वाक्यात तिच्याखेरीज सांगणाऱ्याचा इतिहासही आला आहे: त्याने पैसे दिले, मग कापले, आणि तेव्हा त्याला कळले.

याच्या जोडीस आणखी दोन रूपे ठेवून पाहावीत. ‘चादर जाड दिसते’ या वाक्यातील ज्ञान खरेदीच्या आधीचे व डोळ्यांनी मिळविलेले आहे. ‘ज्वारी मंगळवेढ्याची आहे म्हणे’ या वाक्यातील ज्ञान बोलणाऱ्याचे स्वतःचे नव्हेच. ‘म्हणे’ हा छोटासा शब्द जोडून त्याने त्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकलेली आहे. अर्थशास्त्रज्ञांनी वस्तूंच्या गुणांचे जे वर्गीकरण केले ते या तीन रूपांशी विलक्षण जुळते. फिलिप नेल्सन यांनी १९७० साली, शोध घेऊन खरेदीपूर्वीच कळणारे गुण आणि वापरानंतरच कळणारे गुण असा भेद केला. १९७३ साली मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी त्यात तिसऱ्या वर्गाची भर घातली: जे गुण वापरानंतरही सामान्य ग्राहकास कळत नाहीत, केवळ विश्वासावर मानावे लागतात, असे गुण. पहिला वर्ग ‘दिसते’चा, दुसरा ‘निघाले’चा, तिसरा ‘म्हणे’चा.

यावरून मराठी व्याकरणास अर्थशास्त्र आधीच अवगत होते, असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. ज्ञान कोठून आले हे वाक्यातच दर्शविण्याची सोय जगातील पुष्कळ भाषांत आहे. तुर्की व केचुआ यांसारख्या भाषांत ती क्रियापदाच्या वा वाक्याच्या घडणीतच मुरलेली आहे. सोलापुरापुरते बोलावयाचे तर, मराठीतील ‘म्हणे’चे काम तेथील कानडी भाषक ‘अंते’ने व तेलुगू भाषक ‘अट’ने करतात, एकाच पेठेत ऐकीव गोष्टीची खूण तीन भाषांतून उमटते. मराठीत ही खूण ऐच्छिक आहे. बोलणारा ती गाळू शकतो, आणि ती गाळल्यास ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीच्या रूपात समोर येते. ऑनलाइन बाजारातील माहितीच्या विषमतेचा विचार याच गाळलेल्या खुणेच्या अनुरोधाने करता येतो.

त्यासाठी प्रथम जुन्या बाजारांकडे वळणे इष्ट आहे, आणि त्या दृष्टीने माळशिरस तालुक्यातील श्रीपूरचा परिसर सोयीचा आहे. उसाचा कारखाना येथे, जनावरांचा मोठा बाजार सांगोल्यास, शेतमालाचे लिलाव पंढरपूर-सोलापुरास, आणि आता दूरच्या मालाची दालने प्रत्येकाच्या हातातील मोबाईलवर, असे चार प्रकारचे बाजार तेथील रहिवाशांच्या सहज आटोक्यात आहेत. श्रीपूरची वाढ उसावर झाली. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने येथे साखर कारखाना उभारला. पुढे श्रीपूर हे श्री पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचेही गाव झाले.

उसाच्या व्यवहाराचे वैशिष्ट्य असे की त्यात अज्ञानाची बाजू उलटी आहे. अ‍ॅकरलॉफच्या बाजारात विक्रेत्यास अधिक माहिती असते; उसाच्या बाजारात ती खरेदीदारास, म्हणजे कारखान्यास असते. शेतकऱ्यास मिळणारी रास्त व किफायतशीर किंमत दोन आकड्यांवर अवलंबून आहे: उसाचे वजन आणि साखरेचा उतारा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये दर ठरविला, आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्यास क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढ दिली. शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा हिशेब करून पाहावा. काट्यावर शेकडा एक टनाची तूट आली तर त्याचे ३,५५० रुपये जातात. उताऱ्याचा आकडा केवळ ०.१ ने कमी धरला गेला तर ३,४६० रुपये जातात. म्हणजे दोन्ही नुकसाने जवळजवळ सारखी आहेत. पण त्यांविषयीचे शेतकऱ्याचे ज्ञान सारखे नाही. वजन हे ‘दिसते’ या वर्गातील आहे, निदान तसे असू शकते: काट्याचा आकडा डोळ्यांपुढे असतो, आणि संशय आल्यास भरलेली गाडी दुसऱ्या काट्यावर नेता येते. साखर उतारा मात्र संपूर्ण कारखान्याच्या गाळपाची सरासरी असतो. तो प्रयोगशाळेच्या व हिशेबाच्या वह्यांतून बाहेर येतो, आणि शेतकऱ्यापुरता तो ‘म्हणे’ या वर्गातच राहतो. ‘काटा मारणे’ हा वाक्प्रचार ऊसपट्ट्यात सर्वतोमुखी आहे. ‘उतारा मारणे’ असा वाक्प्रचार त्याच्या तोडीने रूढ झालेला नाही. जे डोळ्यांनी पडताळता येते त्याचाच संशय भाषेत घट्ट होतो, जे पडताळता येत नाही त्याचा संशयही मुका राहतो, असे यावरून वाटते.

येथे एक गणिती बारकावा आहे. उतारा म्हणजे निघालेली साखर भागिले गाळलेला ऊस. कोठेही वजन कमी नोंदले गेले, आणि त्या उसाची साखर मात्र पुरी नोंदली गेली, तर भागाकार फुगतो व उतारा वाढलेला दिसतो. अर्थात ज्याचे वजन कमी भरले त्याचा तोटा अंशतः सर्व सभासदांत वाटला जातो. म्हणून दोन आकड्यांपैकी एकच उघड करून भागत नाही. केवळ काटे संगणकाशी जोडले आणि साखरेची मोजदाद पूर्वीप्रमाणेच बंद दाराआड राहिली, तर माहितीची विषमता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली, इतकेच म्हणता येईल.

सरासरी उताऱ्याचा दुसरा परिणाम अ‍ॅकरलॉफच्या सिद्धांताचा जणू पाठच आहे. प्रत्येकाच्या उसातील साखर वेगवेगळी मोजली जात नसल्यामुळे गोड उसास व पाणचट उसास एकच दर मिळतो. मग शेतकरी साखरेसाठी ऊस का वाढवील? तो वजनासाठी वाढवितो. पाडेगावच्या संशोधन केंद्राने दिलेला फुले २६५ हा वाण भरघोस टनेजमुळे शेतकऱ्यांस प्रिय झाला, को. ८६०३२ च्या मानाने त्याचा उतारा, विशेषतः हंगामाच्या आरंभी, कमी पडतो अशी कारखान्यांची तक्रार असे. दोन्ही पक्ष आपापल्या परीने शहाणपणाने वागत होते. दर सरासरीचा असल्यावर असेच व्हावयाचे.

सांगोल्याचा बाजार याहून वेगळा. तेथे खिलार बैलाचे वय सांगण्यापेक्षा पाहिले जाते. ‘आदत’, ‘दोन दाती’, ‘चार दाती’, ‘जुळलेला’ हे शब्द घेणाऱ्याने बैलाचा जबडा उघडल्यावर अर्थपूर्ण होतात. चालवून, वाकवून, पायाचे खूर उचलून, पाठीवर हात फिरवून तो बाकीची परीक्षा करतो. ‘पारख’ हा शब्द संस्कृत ‘परीक्षा’वरूनच प्राकृतद्वारा आलेला आहे. तरीही काही गोष्टी उरतातच. बैलाची खोड पहिल्या नांगरटीपर्यंत कळत नाही, ती ‘निघते’. परंतु या बाजारातील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे मौन. विकणाऱ्याने बैलाच्या जबड्याला हात लावू देण्यास टाळाटाळ केली, की घेणाऱ्यास उत्तर मिळाले. सांगण्याजोगे चांगले असते तर त्याने सांगितलेच असते, हे अनुमान सँडफर्ड ग्रॉसमन व पॉल मिलग्रोम यांनी १९८१ मधील आपापल्या निबंधांत सूत्रबद्ध केले. सांगोल्याच्या बाजारात ते कोणास शिकवावे लागत नाही. संभाषणात श्रोता वक्त्याने न बोललेल्या गोष्टींतूनही अर्थ काढतो, हे पॉल ग्राइस यांचे भाषाशास्त्रीय प्रतिपादनही याच जातीचे आहे.

आता तोच बैल मोबाईलवरील जाहिरातीत पाहावा. छायाचित्र आहे, किंमत आहे, ‘चार दाती, गरीब, कामाला चांगला’ असे वर्णन आहे. दातांचे छायाचित्र नाही. पण ते नाही हे खटकत नाही, कारण जाहिरातीच्या साच्यात दातांसाठी जागाच नव्हती. समोरासमोरच्या बाजारात मौन हे विक्रेत्याचे असते, म्हणून त्याचा अर्थ लावता येतो. पडद्यावरील मौन साच्याचे असते, म्हणून ते निरर्थक वाटते. ऑनलाइन बाजाराने ग्राहकाचे जे सर्वांत मोठे नुकसान केले आहे ते बहुधा हेच: त्याचे डोळे तर काढून घेतलेच, पण मौनावरून अनुमान करण्याची त्याची जुनी विद्याही निकामी केली. दुसरी गोष्ट, तीन वर्गांची घसरण. चादरीची जाडी पेठेत ‘दिसते’; पडद्यावर ती घरी आल्यावर ‘निघते’. ज्वारीचा दाणा पेठेत तळहातावर घेऊन पाहता येतो. पडद्यावर तो ‘म्हणे’ होतो. म्हणजे प्रत्येक गुण एकेक पायरी खाली उतरतो. आणि वर्णनाची भाषा मात्र या घसरणीची कोणतीही खूण ठेवीत नाही. वजन, जाडी, धाग्याची जात, मूळ गाव, टिकाऊपणा ही सर्व एकाच ओळीत, एकाच ‘आहे’ने सांगितली जातात. ज्या गोष्टी मोजलेल्या आहेत, ज्या विक्रेत्याने अनुभवलेल्या आहेत व ज्या त्यानेही कोणाकडून तरी ऐकलेल्या आहेत, त्यांची व्याकरणात सरमिसळ झालेली असते.

भारतीय कायद्याने हा भेद अगदी दुर्लक्षिलेला नाही. १९३० च्या माल विक्री अधिनियमाने वर्णनावरून झालेली विक्री आणि नमुन्यावरून झालेली विक्री यांचा वेगळा विचार केला आहे. दोन्ही असतील तर माल नुसता नमुन्याशी जुळून भागत नाही, वर्णनाशीही जुळला पाहिजे, असे त्याच्या पंधराव्या कलमात म्हटले आहे. धान्याच्या पेठेत नमुन्यास ‘वानगी’ म्हणतात, आणि ‘उदाहरणार्थ’ या अर्थाने ‘वानगीदाखल’ हा शब्द लेखी मराठीत रूढ झाला आहे. पण मूठभर ज्वारी ही त्या पोत्याचाच एक भाग असते. पडद्यावरील छायाचित्र पोत्याचा भाग नसते. ते वानगीसारखे दिसणारे वर्णन आहे. ग्राहक त्यास वानगी समजतो, विक्रेता ‘छायाचित्र केवळ माहितीसाठी’ अशी तळटीप देऊन त्यास वर्णनाहूनही खाली ढकलतो.

‘सोलापुरी चादर’ या दोन शब्दांत हा सर्व प्रश्न एकवटलेला आहे. स्थलनामास ‘ई’ प्रत्यय लावून विशेषण बनविण्याची रीत मराठीत सर्रास आहे, पण या प्रत्ययाने सुचविलेला संबंध एकच नसतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात तद्धित प्रत्ययांचे अर्थ सांगताना तेथे जन्मलेले, तेथे असलेले, तेथून आलेले, त्याच्या मालकीचे असे संबंध अलग सूत्रांनी नोंदविले, आणि पुष्कळदा एकच प्रत्यय त्या सर्वांस लागू केला. मराठी ‘ई’ने यात आणखी एकाची भर घातली आहे: त्या धर्तीचे. पुण्यातील उपाहारगृहात ‘कोल्हापुरी मिसळ’ मागणारा ग्राहक ती कोल्हापुराहून आली असेल असे समजत नाही. पैठणी आज मोठ्या प्रमाणावर येवल्यास विणली जाते. तीत कोणाची फसवणूक होत नाही, कारण ते नाव आता वाणाचे झाले आहे, गावाचे राहिलेले नाही. मग सोलापूरबाहेर यंत्रमागावर विणलेल्या चादरीस ‘सोलापुरी’ म्हटले तर बिघडले कोठे? विक्रेता ‘त्या धर्तीची’ हा अर्थ मनात धरतो आणि ग्राहक ‘तेथे विणलेली’ हा अर्थ धरून किंमत देतो, येथे बिघडते. दोघांनी उच्चारलेला शब्द एकच आहे. त्यांच्यातील अंतर प्रत्ययाच्या दोन अर्थांइतके आहे, आणि व्यापारी नफा त्या अंतरात बसलेला आहे. सोलापुरात चादरी विणणाऱ्याच्या वाट्यास यातून येते ती अ‍ॅकरलॉफने वर्णिलेली सरासरी किंमत.

वस्तूंच्या भौगोलिक निर्देशांविषयीचा १९९९ चा अधिनियम २००३ मध्ये अमलात आला, आणि त्याखाली सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल यांची नोंदणी पहिल्या काही वर्षांतच झाली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता या कायद्याने केलेली गोष्ट मोठी चमत्कारिक आहे: एका संदिग्ध प्रत्ययाच्या पाच अर्थांपैकी एकच अर्थ त्याने कायद्याने नेमून दिला. बोलीत असे नेमणे अशक्य असते. कायद्यातही ते कागदावर सोपे आणि पडद्यावर अवघड आहे, कारण वर्णन लिहिणारा ‘सोलापूर डिझाइन’, ‘सोलापूर स्टाइल’, ‘सोलापूर पद्धतीची’ असे लिहून नेमलेल्या अर्थाच्या कडेने सहज निसटतो, आणि दालनाचे शोधयंत्र तो माल ‘सोलापुरी’ असे शोधणाऱ्यापुढे आणून ठेवते. यंत्रास प्रत्ययाचा अर्थ कळण्याची गरज नसते; अक्षरे जुळली की पुरे.

ग्राहकांचे अभिप्राय व ताऱ्यांची गुणांकने हा या विषमतेवरील सर्वमान्य तोडगा समजला जातो. १९९५ साली सुरू झालेल्या ईबेने पुढल्याच वर्षी अशी पद्धत स्वीकारली, आणि नंतरच्या बहुतेक दालनांनी तिचे अनुकरण केले. अभिप्राय म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी ‘निघाले’. तो आपणापर्यंत पोहोचतो तेव्हा मात्र ‘म्हणे’ झालेला असतो, आणि मुळात लिहिणाऱ्याने काही विकत घेतले होते की नाही हे आपणास ठाऊक नसते. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय देऊ नये, असा निर्बंध ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० मध्ये घातला गेला. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानकही प्रसिद्ध केले. खोट्या अभिप्रायांचा बंदोबस्त पूर्णपणे झाला असे क्षणभर मानले, तरीही एक अडचण शिल्लक राहते, आणि तीकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. अभिप्राय देणारा प्रामाणिक ग्राहक आपल्या अनुभवास आलेले तेवढेच सांगू शकतो. चादर ऊबदार निघाली, रंग टिकला, वेळेवर आली, पाच तारे. ती सोलापुरात विणली की अन्यत्र, हे पाच वर्षे पांघरूनही त्याला कळणार नाही. म्हणून ‘सोलापुरी’ या शब्दाखाली हजारो खरे अभिप्राय जमले तरी त्यांतील एकही त्या शब्दाविषयी नसतो. तथापि शब्द आणि तारे पडद्यावर एकमेकांशेजारी असल्यामुळे एकाची विश्वासार्हता दुसऱ्यास चिकटते.

माल परत घेण्याची हमी हा दुसरा उपाय अधिक भरीव आहे. स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेल्या विचाराशी तो सुसंगत आहे. जी गोष्ट खोटे बोलणाऱ्यास महाग पडते तीच खुणेचे काम करू शकते. पण तीही ‘निघाले’पुरतीच. ‘म्हणे’ वर्गातील दोष ग्राहकाला कळतच नसल्यामुळे तो माल परत करीत नाही.

आतापर्यंत दोनच पक्षांचा विचार झाला. बाजारात तिसरा पक्ष नेहमीच असतो. नियंत्रित बाजार येण्यापूर्वी अनेक पेठांत भाव उघड बोलून ठरत नसे. उपरण्याच्या किंवा रुमालाच्या आड दलाल व खरेदीदार एकमेकांची बोटे दाबून आकडे सांगत. गुरांच्या बाजारांत ही पद्धत पुष्कळ काळ टिकली. ‘करपल्लवी’ हा शब्द मराठीत आहेच. व्यापाऱ्यांची ‘नंदभाषा’ही याच कुळातील: तीत ‘उधानू’ म्हणजे तीन, ‘मुळू’ म्हणजे पाच, ‘अंगळू’ म्हणजे दहा. या संख्याशब्दांचा उपयोग करून शंकराचे वर्णन करणारा एक अभंग परंपरेने विसोबा खेचरांच्या नावावर आहे, तेव्हा ही भाषा बरीच जुनी असली पाहिजे. उपरण्याखालच्या हाताचे रहस्य नीट पाहण्यासारखे आहे. खरेदीदारास स्वतःची बोली ठाऊक असे, दुसऱ्याची नसे. मालाचा धनी असलेल्या शेतकऱ्यास बहुधा एकही बोली ठाऊक नसे. सर्व बोल्या एकट्या दलालाच्या बोटांना ठाऊक असत. ‘दलाल’ हा अरबी शब्द ‘वाट दाखविणारा’ या अर्थाचा आहे आणि ‘दलील’ म्हणजे पुरावा हा त्याचा सख्खा भाऊ. वाट दाखविणाऱ्याने पुरावा मात्र उपरण्याखाली ठेवला.

ऑनलाइन दालनाचा चालक आज या दलालाच्या जागी आहे, आणि त्याच्या बोटांखाली काही बोल्या नव्हेत तर प्रत्येक ग्राहकाने काय शोधले, काय पाहून सोडले, कोणत्या किमतीला घेतले याची समग्र नोंद आहे. विक्रेत्यास ती दिसत नाही, ग्राहकासही नाही. अशा नोंदीचा उपयोग चालकाने स्वतःचा माल विकण्यासाठी करावा काय, हा प्रश्न युरोपात उपस्थित झाला. २०२२ च्या डिसेंबरात अ‍ॅमेझॉनने विक्रेत्यांची अप्रकट माहिती आपल्या किरकोळ व्यापारासाठी न वापरण्याची हमी युरोपीय आयोगास दिली. भारतात २०२० च्या उपरोक्त नियमांनी, मालाचा वा विक्रेत्यांचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला जातो हे दालनाने समजावून सांगावे, अशी अट घातली. ‘दोनच नग शिल्लक’ यांसारख्या खोट्या निकडीच्या सूचनांचा समावेश २०२३ च्या नोव्हेंबरात निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांच्या तेरा प्रकारांत करण्यात आला. ही वाक्ये विक्रेता बोलत नाही, दालन बोलते. आणि ती खरी की खोटी हे पडताळण्यास ग्राहकापाशी कोणतेही साधन नाही.

उपरणे दूर करण्यास महाराष्ट्रात फार काळ लागला. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली देशातील पहिला नियंत्रित बाजार झाला. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा, १९२८ चा शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल, मुंबई इलाख्याचा १९३९ चा कायदा व राज्याचा १९६३ चा कृषि उत्पन्न पणन कायदा अशा टप्प्यांनी उघड लिलाव, प्रमाणित वजने आणि लेखी पट्टी ही आज सामान्य वाटणारी व्यवस्था उभी राहिली. ओलावा वा मातेरे यांच्या नावाखाली पोत्यामागे वजन वजा करण्याच्या ‘कडता’ या रूढीविरुद्धचा झगडा तर त्यानंतरही चालू राहिला. या इतिहासात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की शेतकऱ्यास अधिक माहिती ‘सांगून’ यातील एकही सुधारणा झाली नाही. मोजणारा हात ज्याचा स्वार्थ गुंतला आहे त्याच्यापासून काढून घेतला गेला, तेथे तेथे विषमता कमी झाली.

१४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी बाजार या ऑनलाइन योजनेत हाच विचार पुढे नेण्याचा यत्न आहे. दूरच्या खरेदीदाराने माल न पाहता बोली लावावयाची असल्यामुळे बाजार आवारातच मालाची प्रतपरीक्षा व्हावी, आणि ओलावा, काडीकचरा, दाण्याचा आकार यांचे मोजलेले आकडे बोलीपूर्वी पडद्यावर यावेत, अशी योजना आहे. म्हणजे ‘दिसते’ची उणीव ‘मोजले आहे’ने भरून काढावयाची. ज्या बाजारांत परीक्षेची साधने व माणसे अपुरी तेथे व्यापारी पुन्हा आवारात येऊन पोत्यात हात घालतो, आणि त्यास दोष देता येत नाही. मोजण्याने भागते ते ओलाव्याचे आणि कचऱ्याचे. मूळ गावाचे मोजमाप नाही.

मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक निर्देश मिळाला. तिची ख्याती तेथील काळ्या, खोल जमिनीवर आणि मालदांडी वाणावर आहे. जाणत्या माणसास दाणा हाती आल्यावर त्याच्या चकाकीवरून, टपोरेपणावरून, दाताखालच्या टणकपणावरून काही अंदाज बांधता येतो. तो चुकतोही, पण बांधता येतो. शहरातील ग्राहक ऑनलाइन दालनातून अलीकडे दाण्याऐवजी तयार पीठच मागवितो. पीठ झाल्यावर दाण्याची चकाकी, आकार, टणकपणा यांपैकी काहीच उरत नाही. भाकरी मऊ झाली की नाही एवढे ‘निघते’, आणि ते पीठ किती ताजे व मळणाऱ्याचा हात कसा यांवरही अवलंबून असते. पिशवीवर ‘मंगळवेढा’ हा शब्द तेवढा राहतो, त्याच्यापुढे ‘म्हणे’ नसतो, आणि ते पीठ मंगळवेढ्यातील शेतकऱ्यापुढे ठेवले तरी ते आपल्या शिवारातील आहे की नाही हे त्यालाही सांगता येणार नाही.